प्रायोगिक अंक बंद करण्याआधी एकदा वाचून बघा

प्रति,
पत्रकारिता व जनसंवाद अभ्यासमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,

स.न.वि.वि.

विद्यापीठाचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. पत्र योग्य पत्त्यावर पोचेल याची खात्री आहे. मुंबईतल्या आणखी एखाद्या मंडळाला हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही खुशाल ठेवून घ्यावं.

मी तुमच्याकडे गेली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. शनिवारी दुपारी दोन ते पाच. बाकीचे दिवस, म्हणजे खरं तर रात्री, एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर जातात. तासाला किती पैसे मिळतात आणि ते किती महिन्यांनी मिळतात, हा या पत्राचा विषय नाही. त्यासाठीचा अर्ज तुमच्या लेखा विभागात वेगळा पडून आहे. विषय आहे तो गेल्या महिन्यात आमच्या हाती आलेला नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा.

मसुद्यात ‘स्थानिक वार्तांकन’ हे साठ तासांचं प्रात्यक्षिक ‘डिजिटल आशयनिर्मिती’त विलीन झालंय. विलीन म्हणजे काय, ते तीन वेळा वाचूनही मला सापडलं नाही. नव्या विषयाच्या सतरा घटकांत ‘स्थानिक’ हा शब्दच नाही. आणि मुलं वर्षातून चार वेळा काढत होती तो चार पानी प्रायोगिक अंक बंद. त्याला कारण दिलंय तीन शब्दांचं: ‘कालसुसंगत नसल्याने रद्द’.

स्टुडिओबद्दल आधीच बोलून टाकते, म्हणजे बाईंना कॅमेऱ्याचं वावडं आहे असा समज व्हायला नको. दुसऱ्या मजल्यावरचा स्टुडिओ देखणा आहे. हिरवा पडदा, तीन कॅमेरे, टेलिप्रॉम्प्टर. उद्घाटनाला आम्हालाही बोलावलं होतं, समोसेही चांगले होते. तेव्हापासून त्याला बहुतेक वेळ कुलूप असतं, कारण तंत्रज्ञाचं पद भरलेलं नाही. ते उद्या भरेलही. पण टेलिप्रॉम्प्टरवर सरकणारा मजकूर कुणीतरी कुठूनतरी आणावा लागतो, आणि तो आणायला जायचे साठ तास तुम्ही काढून टाकलेत.

हे मला इतकं का लागलं, त्याला एक जुनी लाज कारण आहे.

२६ जुलै २००५ ला मी डेस्कवर होते. ऑफिस तेव्हा फोर्टात. खिडकीतून बघितलं तर रस्ता नुसता ओला. त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस पडला आणि सांताक्रूझला ९४४, हे आम्हाला नंतर कळलं. संध्याकाळी कळत होतं ते एवढंच, की उपनगरांतले फोन लागत नाहीत आणि गाड्या बंद आहेत. आमचे शिपाईमामा कलिन्याचे. कसाबसा एकदा त्यांच्या घरचा फोन लागला. तळमजला गेला, माणसं वरच्या मजल्यावर चढून बसली आहेत, असं ते डेस्कपाशी येऊन सांगत होते, आणि मी त्यांना म्हणाले, “मामा, घाबरू नका, दरवर्षीचंच आहे.” बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत पाऊस पहिल्या पानावर तळाला गेला, तीन कॉलमांत. मथळा माझा होता. तो इथे लिहीत नाही. अंकाच्या गाड्या शहराबाहेर पडूच शकल्या नाहीत, म्हणून तो मथळा फारसा कुणी वाचला नाही, एवढं माझं नशीब.

पदविका होती माझ्याकडे. वृत्तमूल्यं कोणती, ती मला पाठ होती. ‘निकटता’ हे त्यातलं एक. पण कलिना मी पाहिलेलं नव्हतं. मिठी नदी कुठून कुठे वाहते, भरतीच्या वेळी पाणी कुठे तुंबतं, कुठल्या वस्तीची जमीन रस्त्याहून खाली आहे, यातलं काही माहीत नव्हतं. ज्या माणसाला माहीत होतं तो समोर उभा होता आणि त्याचं मी ऐकलं नाही, कारण तो बातमीदार नव्हता.

तुमच्याकडे शिकवायला आले तेव्हा म्हणूनच मी एकच हट्ट धरला होता: प्रत्येक मुलाला वर्षभरासाठी महापालिकेचा एक विभाग नेमून द्यायचा. कुणाला जी उत्तर, म्हणजे दादर-माहीम-धारावी. कुणाला भांडुपचा एस, कुणाला कुर्ल्याचा एल. त्या विभागाचं कार्यालय कुठे आहे, पाणीखात्याचा अभियंता कितव्या मजल्यावर बसतो, घनकचऱ्याची चौकी कुठे, पोलीस ठाणी किती आणि त्यांच्या हद्दी कुठे बदलतात, सगळं पायी फिरून माहीत करून घ्यायचं. पहिले दोन महिने मुलं कंटाळतात. तिसऱ्या महिन्यात एखादा येऊन म्हणतो, मॅडम, त्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख आहे आणि तिथे तर अजून खड्डाच आहे. त्या दिवशी तो बातमीदार झाला, असं मी धरते.

तीन वर्षांपूर्वी एम पूर्व एका गोवंडीच्याच मुलीला मिळाला. तिची तक्रार होती की सगळ्यांना नवा भाग आणि मला माझंच घर. “आमच्याकडे बातमी नसते, मॅडम. डम्पिंग पेटलं तरच येतात सगळे.” ते खोटं नव्हतं. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला जातो, आणि जानेवारी २०१६ सारखी आग लागून धूर बाकीच्या मुंबईच्या नाकात गेला की मगच वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन तिकडे वळतात. मी तिला विचारलं, तुझ्या गल्लीत पाणी किती वाजता येतं? म्हणाली, रात्री. रात्री म्हणजे किती वाजता? तर म्हणे, कधीही.

मग तिने शंभर पानी वही केली. मागच्या पुठ्ठ्यावर पाढे असतात तसली. रोज पाणी कधी आलं, कधी गेलं, किती हंडे भरले. ती लिहीत गेली तेव्हा तिला एक गोष्ट नव्याने दिसली, जी ती जन्मापासून बघत होती: गल्लीतल्या बायकांनी जागायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. आज जिची पाळी, तिने नळाखाली रिकामं पातेलं उपडं ठेवून शेजारी बसायचं. पातेल्यावर थेंब वाजला की सगळ्यांची दारं ठोठवायची. पाळी चुकली की भांडण. तिच्या आईची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. मुलीला हे ‘मटेरियल’ वाटतच नव्हतं. आई जागते, त्यात काय लिहायचं?

दुसऱ्या बाजूने तिने विभाग कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तुमच्या मसुद्यात माहितीचा अधिकार कायदा, २००५ हा दोन तासांचा घटक आहे, ‘व्याप्ती व मर्यादा’ या शीर्षकाखाली. माझ्या वर्गात प्रत्येकाला एक अर्ज खरोखर करावा लागत असे. उत्तर द्यायची मुदत तीस दिवसांची, सत्र त्याहून लांब, तेव्हा ते बसतं बरोबर. ‘सदर माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन पाहावी’ या वाक्याशी पहिली गाठ पडणं हे शिक्षणच आहे. ती चार वेळा जाऊन पाहून आली. तिला पाणीपुरवठ्याचं अधिकृत वेळापत्रक मिळालं.

आम्ही अंकात डाव्या कॉलमात वेळापत्रक छापलं आणि उजव्या कॉलमात तिची वही. मध्ये एक शब्दही नाही. खाली पातेल्याचा मजकूर, दीडशे शब्द. मी त्यातली फक्त दोन विशेषणं काढली. तीनशे प्रती.

तिसऱ्या दिवशी आपल्या पत्रकारिता विभागात फोन आला. कुणाचा, ते मला सांगण्यात आलं नाही. मला विचारण्यात आलं ते एवढंच, की मजकूर छापण्याआधी परवानगी कुणाची घेतली होती. पुढच्या अंकाची पानं आधी दाखवायची असं ठरलं. पुढचा अंक छपाईच्या दरपत्रकांत अडकला. त्याच्या पुढचाही. आणि आता मसुद्यात अंक कालसुसंगत राहिलेला नाही. योगायोग असू शकतो. मी डेस्कवरची बाई आहे. दोन गोष्टी शेजारी-शेजारी छापते, मध्ये रेघ ओढत नाही.

ती मुलगी आता एका वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर आहे. मुलाखतीला तिने तो अंक नेला होता.

आता अंकाचं म्हणाल तर, छापील कागदाचा मला मोह नाही. वाचक मोबाइलवर गेला आहे, मीही तिथेच वाचते. पण रील चुकली तर मुलं ती काढून टाकतात आणि झालं. छापलेली चूक तीनशे जणांच्या हातात राहते. ज्याच्या नावाची वेलांटी चुकली तो माणूस पुढच्या आठवड्यात दारात उभा राहतो, आणि पुढच्या अंकात ‘चुकीची दुरुस्ती’ अशी चौकट स्वतःच्या हाताने लावावी लागते. एका मुलाने ती चौकट सहा वेळा लिहिली होती. प्रत्येक वेळी चूक दुसऱ्या कुणाची तरी निघायची.

चुकांचाच विषय निघाला म्हणून सांगते. दरवर्षी पहिल्या महिन्यात मी पोलिसांची प्रेसनोट वाटते, नावं खोडून. ‘सदर इसम’, ‘गु.र.नं.’, ‘तपासी अंमलदार’ असलेली खरीखुरी. यंदा छत्तीसपैकी नऊ जणांनी बातमीत फिर्यादीलाच अटक केली. वर्ग हसला, मीही हसले. पेपरात हेच झालं की वकिलाची नोटीस येते आणि ज्याने नोट पाठवली तो अंमलदार फोन घेईनासा होतो. त्याहून गंभीर दुसरी गोष्ट. लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत एका विद्यार्थिनीने मुलीचं नाव काळजीपूर्वक टाळलं होतं. पण चाळीचं नाव दिलं, वडील कुठल्या मंडईत भाजीचा गाळा लावतात ते दिलं, शाळेचं माध्यम आणि इयत्ता दिली. काळाचौकीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं ती कोण. हिला माध्यम कायद्याच्या पेपरात ऐंशीच्या वर गुण होते. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ तिने मला तोंडपाठ म्हणून दाखवलं: नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, काहीही उघड करायचं नाही. म्हणताना ती मधेच ‘परिसर’ला थांबली. मग तिने आपला कागद मागून घेतला.

हे थांबणं साठ तासांत कधीतरी होतं. सतरा घटकांत ते कुठे होणार आहे, मला दाखवा.

महापालिकेचं तर विचारूच नका. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, हे मुलं सांगतात, मथळ्यात होतं. त्यातले महसुली किती, भांडवली किती, असं विचारलं की वर्ग पंख्याकडे बघतो. १ जुलै २०१७ ला जकात गेली, तेव्हापासून महापालिकेच्या तिजोरीतला केवढा मोठा वाटा राज्याकडून भरपाई म्हणून येतो, हे ज्याला ठाऊक नाही तो मंत्रालय आणि महापालिका यांच्यातलं भांडण कसं समजून घेणार? आणि मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ची निवडणूक, जवळजवळ चार वर्षं, महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. सभागृह नाही, स्थायी समिती नाही. आयुक्तच प्रशासक, प्रस्ताव आणणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. त्याआधी महापालिकेची बीट सांभाळणाऱ्या बातमीदाराला स्थायी समितीच्या कार्यक्रमपत्रिकेतून, तिथल्या आरडाओरड्यातून निम्मी बातमी मिळायची. आत्ता आपल्याकडे शिकणाऱ्या मुलांनी त्या काळात आपलं शालेय आणि कॉलेजचं शिक्षण केलं. नगरसेवक म्हणजे गणपतीच्या बॅनरवरचा माणूस, याच्या पुढे त्यांची ओळख नाही. त्यांचा दोष नाहीच. पण नेमकं आत्ता, सभा परत भरायला लागल्या असताना, तुम्ही त्यांना तिथे पाठवायचं थांबवताय. सीएसएमटीसमोरची महापालिकेची ती इमारत मुलांना माहीत आहे, सेल्फीसाठी.

आता ‘कालसुसंगत’ या शब्दाकडे येते. मसुद्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चार श्रेयांक आहेत. असावेत. आमच्या डेस्कवर एजन्सीची इंग्रजी कॉपी आता यंत्रातून मराठी होऊन येते आणि वेळ वाचतो, हे मी नाकारत नाही. मागच्या पावसाळ्यात त्या यंत्राने उच्च न्यायालयाच्या ‘बाकाने’ आदेश राखून ठेवल्याचं आम्हाला कळवलं. ‘घर दिवसभरासाठी तहकूब’ झालं. महापालिकेत एक ‘उभी समिती’ही निघाली. हे पकडायला खंडपीठ काय, सभागृह काय, स्थायी समिती काय, हे आधी माहीत असावं लागतं. रात्री बारा वाजता, पान सोडायला सात मिनिटं असताना माहीत असावं लागतं. एका शिकाऊ मुलाने ‘उभी समिती’ तशीच जाऊ दिली होती. विचारलं तर म्हणाला, मला वाटलं असेल तशी एखादी.

त्यातही हसू येणाऱ्या चुका परवडल्या. काळजी त्या वाक्यांची, जी व्याकरणाने शुद्ध असतात आणि कुणीही मराठी माणूस तशी बोलत नाही. मुलांना आता ती खटकतही नाहीत, कारण लहानपणापासून पडद्यावर तीच वाचली आहेत. मराठी कॉपी लिहिणं हा स्वतंत्र विषय तुमच्या मसुद्यात नाही. ‘भाषांतर कौशल्ये’ आहे. म्हणजे मराठीत बातमी मुळात घडतच नाही, ती इंग्रजीतून येते, असं आपणच धरून चाललो आहोत. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला मुंबईतच निघालं, मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी, आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आसपास होते आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. मराठीतला पहिला संपादक शिक्षक होता, हे शिक्षकांच्या मंडळाला मी सांगायला नको. तारीख आपल्या मुलांना पाठ आहे, एक गुणाच्या प्रश्नासाठी. फोर्टातल्या हॉर्निमन सर्कल बागेचं नाव एका संपादकाचं आहे, ज्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’मधल्या लिखाणापायी १९१९ मध्ये सरकारने देशाबाहेर काढलं, हे मात्र त्या बागेत बसून वडापाव खाणाऱ्यांपैकी माझ्या वर्गातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आम्ही एक शनिवार तिथेच वर्ग घेतला. हजेरीपत्रकावर तो तास धरला गेला नाही.

पैशांचं थोडक्यात. ‘स्थानिक वार्तांकन’ खर्चिक आहे असं बैठकीत म्हटलं गेल्याचं कानावर आलं. खर्च मुलांचा होतो, विद्यापीठाचा नाही. विरारहून येणारा मुलगा मुलुंडचा टी विभाग करतो तेव्हा पश्चिम रेल्वेचा पास त्याच्या मध्य रेल्वेवरच्या प्रवासाला चालत नाही. तो खिशातून भरतो. स्टुडिओच्या एका कॅमेऱ्याच्या किमतीत सगळ्या वर्गाचे वर्षभराचे पास निघाले असते. आणि इंटर्नशिप नावाखाली ही मुलं जिथे दोन-दोन महिने फुकट राबतात, शेवटची कर्जत चुकली की टेबलावर डोकं ठेवून पहाटेच्या गाडीपर्यंत बसतात, तिथल्या प्रमाणपत्राला तुम्ही श्रेयांक देता. तसंच गोवंडीत चार फेऱ्या मारणाऱ्या मुलीला द्यायला काय हरकत आहे?

माझं मागणं सोपं आहे. ‘डिजिटल’ विषय ठेवा, साठ तास वेगळे परत द्या, आणि मूल्यमापन नेमून दिलेल्या महापालिका विभागावर केलेल्या कामाचं होऊ द्या, त्यावरच्या सादरीकरणाचं नको. मराठी कॉपीलेखनाचा पेपर भाषांतरातून बाहेर काढा. अंक छापायला पैसे नसतील तर दोन पानांचा काढू, झेरॉक्सवर काढू. पण पानं आधी दाखवायची अट काढून टाका. ती अट असताना अंक सुरू ठेवण्यापेक्षा बंद ठेवलेला मी पत्करेन, आणि मुलांना तसं का, ते सांगेन. तंत्रज्ञ नेमलात तर आनंदच आहे. पातेल्याची बातमी हिरव्या पडद्यासमोरसुद्धा सांगता येईल, फक्त आधी ती कुणीतरी आणलेली असली पाहिजे.

मंडळाच्या बैठकीला तासिका तत्त्वावरच्यांना प्रवेश नसतो, नियम मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. जुन्या अंकांच्या उरलेल्या प्रती ग्रंथालयाच्या माळ्यावर, गळक्या खिडकीपासून दूर सरकवून ठेवल्या आहेत. पाण्याची बातमी असलेला अंक वरून दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. माळ्याची किल्ली शिपायांकडे मिळते, दुपारी जेवणाची सुट्टी सोडून कधीही.

आपली,
शनिवार, दुपारी दोन ते पाच, खोली क्रमांक बारा